सहावा कान

पॉलिशवाल्याच्या बायकोला अख्खी गल्ली भिंगरी म्हणायची. नाव सासूनं ठेवलेलं. नवी नवरी घरात आली तेव्हा सासू म्हणाली, "बस गं, दोन दिवस पाहुणीसारखी बस." ती बसलीही. पण सासू पाण्याचा तांब्या घेऊन परत आली तेव्हा सूनबाई खुर्चीवर उभी राहून खिडकीची सैल कडी ठोकत होती. "ही सून नव्हे, भिंगरी आहे," सासू म्हणाली, आणि तेच नाव चिकटलं. पुढे सासू गेली, भिंगरीचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ. चहाचा पहिला घोट ती मोरीपाशी घ्यायची, दुसरा जिन्यात, आणि बाकीचा कप कुठे राहिला ते संध्याकाळी भांडी घासताना कळायचं.

नवरा नेमका उलट. खाली कारखाना, वर दोन खोल्या, आणि खालच्या त्या एका खोलीत तो दगडासारखा बसून असायचा. कपाटाचं दार समोर आडवं टाकायचं, हातात चिंधीचा बोळा घ्यायचा आणि फिरवत राहायचं. दुपारी हिनं विचारावं, "झालं का?" तर तो म्हणायचा, "सुरुवात झालीय." लग्नाच्या बाजारात देवानं अशा जोड्या मुद्दाम लावलेल्या असतात, दोघांपैकी एकाला तरी दुसऱ्याची कीव यावी म्हणून.

त्या आठवड्यात भिंगरी स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होती तेव्हा फोन वाजला. पलीकडून धाकट्या दिराचा आवाज आला.

"वहिनी, शुक्रवारी येतोय."

ती स्टुलावरून उतरली. फोन कानाला लावून खिडकीपर्यंत गेली, परत आली. "सुट्टी मिळाली का भाऊजी?"

"सुट्टी नाही. बोटीवरचं संपलं सगळं. आता जमिनीवरच. एका शाळेत पोरांना वाजवायला शिकवायचंय, दुसऱ्या गावी. म्हटलं जाता जाता गिटार घेऊन जावी. कशी आहे ती?"

"तुम्ही ठेवून गेलात तशीच. चकचकीत."

"मग झालं तर. दारातूनच घेतो, वहिनी. स्टँडजवळ लॉजवर खोली सांगून ठेवलीय. दादाला उगाच त्रास नको."

दारातूनच. भिंगरीनं फोन ठेवला आणि पंख्याचं अर्धं पातं तसंच सोडून जिना उतरली, पुन्हा चढली, पुन्हा उतरली. आपल्या घरात वाढलेलं माणूस आपल्याच गावात लॉजवर उतरणार, आणि दारात उभं राहून वस्तू घेऊन जाणार, पार्सल घ्यायला आल्यासारखं. हे तिच्या घशाखाली उतरेना.

त्याचं असं झालं होतं. दोघा भावांचा बाप लवकर गेला, आणि थोरल्यानं धाकट्याला स्वतःशेजारी कामाला बसवलं. धाकट्याचे हात चांगले होते, पण मन गिटारीत. रात्री एका हॉटेलात बँडबरोबर वाजवायचा, आणि दिवसा लाकूड घासता घासता पेंगायचा. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाचं जेवणाचं टेबल तयार झालं होतं. शेवटचा हात दिलेला, अजून ओला. धाकटा त्यावर टेकून झोपला. उठला तेव्हा टेबलाच्या मधोमध त्याचा पंजा उमटलेला, पाची बोटं, ज्योतिषाला दाखवावा असा. गिऱ्हाईक दारात उभं होतं. थोरला त्याच्यादेखत म्हणाला, "हे हात वाजवायचे आहेत, घासायचे नाहीत. ठेवायचे तर तिकडेच ठेव."

शब्दानं शब्द वाढला. धाकटा वर गेला, पिशवी भरून खाली आला, आणि गिटार दाराला टेकवून म्हणाला, "ही पण घ्या. हिलाही पॉलिश मारून ठेवा." असं म्हणाला आणि गेला तो बोटीवरच्या बँडमध्येच गेला. तिथं वाद्यं बोटीचीच असायची.

तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. बोलणं होतं, पण सगळं भिंगरीच्या तोंडून. फोन आला की थोरला पाठमोरा राहून म्हणायचा, "विचार त्याला, दात दुखत होता तो काढला का." आणि फोनमधून उत्तर यायचं, "सांगा त्याला, काढला." गावातल्या पोस्टमननं वाहिले नसतील इतके निरोप भिंगरीनं त्या दोन खोल्यांत वाहिले होते.

आता निदान गिटार तरी अशी हातात द्यायची की दिरानं म्हणावं, वहिनी, शाब्बास. असं मनाशी ठरवून तिनं कपाटावरून गिटार काढली, वरचं फडकं सोडलं. लाकूड आरशासारखं. तिचंच तोंड त्यात दिसलं, जरा रुंद. वरच्या टोकाला मागच्या बाजूनं सहा छोटे पत्र्याचे डबे एका ओळीत होते आणि प्रत्येकाला एक बटण. ते फिरवलं की तार ताणते किंवा सैल होते. सासू त्यांना कान म्हणायची, पिळल्याशिवाय पोरगं नि गिटार सुरात येत नाही म्हणून. घरात तेव्हापासून ते कानच.

भिंगरीनं पहिला कान पिळला. हलेना. दुसरा पिळला. तोही नाही. तिसऱ्याला दोन्ही हात लावले. मग कारखान्यातून पक्कड आणली आणि चौथा धरला, तर पिवळं पडलेलं बटण बिस्किटासारखं चुरलं आणि तुकडे तिच्या मांडीत पडले.

ती तशीच उठली. गिटार फडक्यात गुंडाळली, पायात चपला सरकवल्या आणि वाद्यांच्या दुकानात जाऊन उभी राहिली. दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला, गिटार उजेडात धरली, एका डब्याच्या बारीक भोकाला नाक लावलं.

"मावशी, यात काय घातलंत?"

"तेल. भोक ठेवलंय ते तेलासाठीच ना?"

"तेलासाठीच. कुठलं घातलंत?"

"अळशीचं. दरसाल. घरातलं सगळं लाकूड करते तेव्हा हिलाही."

"अळशीचं तेल वाळतं, मावशी. वाळून दगड होतं."

"मला सांगता? आमचा धंदाच आहे तो," भिंगरी म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचं तिलाच उमगलं. आयुष्यभर त्यांच्या घरात अळशीचं तेल लाकडाला लावलं ते वाळून कडक व्हावं म्हणूनच. तेच तेल ड्रॉपरनं थेंब थेंब मोजून ती गिटारीच्या सहाही कानांत सोडत आली होती, आणि समजत होती की कान मऊ राहतायत. लोकांच्या टेबलाला जे कळतं ते तिला कळलं नव्हतं.

दुकानदारानं नव्या सहा कानांचा संच काढून दाखवला. बसवून पुढच्या आठवड्यात देईन म्हणाला. पुढच्या आठवड्यात दीर कुठे आणि गिटार कुठे. तेव्हा तिनं तो संच आणि नव्या तारा विकत घेतल्या, आणि बसवायचं कसं ते उभ्या उभ्याच विचारून घेतलं. तारा आधी काढायच्या. पण कान फिरत नाहीत म्हणजे तारा सैल करता येणार नाहीत, तर वर जाड फडकं दाबून कापायच्या, नाहीतर तार उडून डोळ्यात येते. मग मागचे बारके स्क्रू. मग डबा मागं ओढायचा, आणि समोरून भोकात बसवलेली धातूची कडी मागून ढकलून काढायची. "पण जपून हं," तो म्हणाला, "कडीबरोबर रंगाचा टवका येतो."

कारखान्यात येऊन तिनं रिकाम्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. नवरा पलीकडे एका खुर्चीच्या पायावर बोळा फिरवत होता. त्यानं वर पाहिलं नाही. तारा निघाल्या. पहिल्या स्क्रूला पेचकस लावला तर खाचच सापडेना, पॉलिशनं बुजलेली. तिनं सुईनं कोरून खाच मोकळी केली आणि जोर लावला.

"डावीकडे फिरवायचा असतो," नवरा खुर्चीच्या पायाला म्हणाला.

"माहितीये मला."

"मग डावीकडे फिरव."

तिनं आणखी जोर लावला. टिक असा आवाज झाला. स्क्रूचं डोकं टेबलावर घरंगळलं, धड लाकडातच राहिलं.

"तुटला," नवरा म्हणाला.

"ऐकू आलं."

"त्याची वस्तू आहे. मी हात लावणार नाही."

"कुणी बोलावलंय तुम्हाला?"

तिनं दुसऱ्या स्क्रूला पेचकस लावला. नवऱ्याचा बोळा थांबला. त्याला पाठ फिरवून बसता येईना आणि उठताही येईना, आणि जागच्या जागी चुळबुळणारा नवरा ती पहिल्यांदाच बघत होती. शेवटी उठून तो आला, तिच्या हातातून पेचकस काढून घेतला आणि म्हणाला, "सर."

लाकडातले खड्डे बुजवताना लाख वितळवायची एक बारकी सुरी त्याच्याकडे होती. ती त्यानं तापवली आणि तिचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरलं. धूर आला, आणि खोलीभर अळशीचा वास पसरला. मग त्यानं पेचकस लावून स्क्रू आधी अगदी किंचित घट्ट केला, आणि मग सोडला. कुर्र करून स्क्रू फिरला.

"आधी घट्ट का केला?" तिनं विचारलं.

"अडलेल्याला आधी म्हणायचं, बाबा, तुझंच खरं. मग तो ऐकतो."

भिंगरीला वाटलं म्हणावं, हे शहाणपण भावाच्या वेळी कुठे गेलं होतं. पण स्क्रू निघत होते, म्हणून तिनं तोंडाला कुलूप घातलं. तिचे पाय मात्र टेबलाभोवती फिरत होते. दिवा जवळ आण, दिवा लांब ने, चुरा पूस.

"सारखी गरगर फिरू नकोस. हात हलतो माझा."

"मी कुठे फिरतेय," ती टेबलाच्या पलीकडून म्हणाली. मग म्हणाली, "पण इतकं घट्ट कसं धरलं हो ते? मी तर दरवर्षी तुम्ही द्याल ते उरलंसुरलं लावत होते."

तो सुरी तापवत राहिला. "उरलंसुरलं नव्हतं ते."

"म्हणजे?"

"वेगळं उकळून ठेवायचो. चांगलं घट्ट. तुला वाटीत द्यायचो तेव्हा उरलंय म्हणायचो."

"गिटारीसाठी?"

"सांगून गेला होता ना तो. पॉलिश मारून ठेवा म्हणाला."

भिंगरी फिरायची थांबली. "अहो, तो रागानं म्हणाला होता. टोमणा होता तो."

"असेल. काम तर सांगितलं होतं."

"मग स्वतः का नाही लावलंत? माझ्या हातून कशाला?"

"मला कुठे सांगितलं? तुझ्याकडे बघून म्हणाला तो," असं म्हणून त्यानं पुढचा स्क्रू धरला.

भिंगरी वर गेली आणि उगाचच धुतलेले कपडे पुन्हा झटकून आली. दरसाल चांगलं तेल उकळणारा, आणि फोनवर 'हं' म्हणायला तयार नसलेला. ही माणसं कुठल्या लाकडाची असतात कोण जाणे.

कड्या निघायला आणखी वेळ लागला. त्यानं प्रत्येक कडीच्या कडेनं पातं फिरवून पॉलिशची रेघ कापली, म्हणजे टवका उडू नये, आणि मागून लाकडाची गोल काडी ठेवून हळूच ठोकलं. टवका उडाला नाही, आणि तुटक्या स्क्रूचं धडही पक्कडीनं धरून निघालं. जुने सहाही कान वर्तमानपत्रावर पडले, काढलेल्या दातांसारखे. मग नवा कान भोकात बसवून पाहिला तर घोडं पुन्हा अडलं. नव्याची कडी जाड, भोक बारीक. स्क्रूची भोकंही वेगळ्या ठिकाणी.

"भोकं मोठी करावी लागतील," नवरा म्हणाला. "आणि जुनी स्क्रूची भोकं बुजवू, की तशीच ठेवू? विचार त्याला. त्याची वस्तू आहे."

भिंगरीनं फोन लावला, आणि पलीकडून आवाज येताच सगळं एका श्वासात सांगून टाकलं. भाऊजी, तेल मी घातलं, कान दगड झाले, एक बटण चुरलं, एका स्क्रूचं मुंडकं उडालं, नवे कान आणलेत, यांनी जुने काढले. पोटात ठेवणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"दादाला म्हणावं, राहू दे," दीर म्हणाला. "मी बाहेर करून घेईन."

"म्हणतायत, राहू दे, बाहेर करून घेईन."

"त्याला म्हणावं, बाहेरचा माणूस भोक मोठं करताना कडेचं पॉलिश उडवेल," नवरा म्हणाला.

"म्हणतायत, बाहेरचा माणूस..."

"ऐकलं मी. त्याला म्हणावं, आधी दोन्हीकडून टेप लाव," फोनमधून आलं.

"टेप लावा म्हणतायत."

"लावलीय म्हणावं."

"लावलीय म्हणे."

"जुनी भोकं बुजव म्हणावं. काडीनं नको. त्याच जातीच्या लाकडानं."

"काडीनं बुजवायला मी काय सुतारकामाच्या वर्गातला पोर आहे, विचार त्याला."

भिंगरीचा हात दुखायला लागला. फोन तिनं दोघांच्या मध्ये धरला होता, हातभर पुढे. त्याला हा ऐकू येत होता, ह्याला तो. तरी दोघंही तिच्याशीच बोलत होते, जणू ती विहीर होती आणि दोघं दोन काठांवरून पोहरे सोडत होते. शेवटी तिनं फोन बंद केला आणि मोरीत जाऊन घागर नसताना नळ सोडला.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं गोल कानस घेतली. थोडं समोरून, थोडं मागून, मध्येच नवी कडी लावून बघायची, पुन्हा दोन फेरे. जुनी भोकं त्यानं लाकडाच्या बारीक खिळ्यांनी बुजवली आणि रंग असा मिळवला की भिंगरीला बोट फिरवूनही सापडेनात. नव्या स्क्रूंवर त्यानं आधी साबण घासला, म्हणजे लाकडात सुखानं शिरतील. ज्या माणसाला दुपारी 'सुरुवात झालीय' म्हणायची सवय, तो संध्याकाळी म्हणाला, "होईल उद्या सकाळपर्यंत." आणि शिट्टीही वाजवली. शिट्टी कसली, नुसती हवा, पण ओठ तसे केले होते.

आणि इथंच भिंगरीला दुसरीच चिंता लागली. दोन दिवस ती गिटार दुरुस्त व्हावी म्हणून जिवाचं रान करत होती, आणि दुरुस्त झाली की काय होणार? दीर दारात येणार. ही गिटार पुढे करणार. तो म्हणणार, छान झालीय, येतो वहिनी. दोन मिनिटांचा मामला. गिटार अडलेली होती तोवर दोघांना काही तरी बोलायला होतं, तिच्या तोंडून का होईना. आता तेही सुटणार. दोघांना बांधून ठेवणारी एकुलती गाठ आपणच सोडायची म्हणजे झालं.

रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. शुक्रवारी सकाळी नवरा तोंड धुवायला गेला तेव्हा खाली आली. पाच कान बसले होते, सरळ ओळीत. सहावा त्यानं पुसून पॉलिशच्या डब्याच्या झाकणात ठेवला होता, शेजारी त्याचा स्क्रू. भिंगरीनं कान उचलला आणि कामाच्या एप्रनच्या खिशात टाकला. स्क्रू तसाच ठेवला. तिच्या मते त्यामुळे शंका कमी आली असती.

"सहावा कुठाय?" नवऱ्यानं आल्या आल्या विचारलं.

"कोण सहावा?"

"कान. इथे ठेवला होता."

दोघांनी शोधायला सुरुवात केली. नवऱ्यानं भुसा चाळला, लोहचुंबक फिरवलं, खुर्च्या उलट्या केल्या. सगळ्यात जास्त भिंगरी शोधत होती. तिनं चटई झटकली, पाटाखाली पाहिलं, बादलीतही पाहिलं.

"दुकानदारानंच पाच दिले असतील," ती म्हणाली.

"काल सहा होते. मी पुसले."

"मग मांजरानं नेला."

"मांजर कान नेऊन काय करेल?"

"मला काय माहीत. तिला तिच्या अडचणी असतील."

नवऱ्यानं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. शोधता शोधता दुपार टळली, आणि शटरच्या उजेडात कुणीतरी उभं राहिलं.

दीर. डोक्यावर एक केस नाही, घरातल्या जुन्या फोटोत होता त्याहून बारीक, खांद्याला गिटारीची रिकामी खोळ आणि हातात लॉजची चावी, तिला लाकडाचा मोठा ठोकळा लटकवलेला. उंबऱ्याच्या बाहेर त्यानं पाय असे जोडून ठेवले होते, जणू तिथं रेघ आखलीय.

"बरी आहात ना वहिनी?"

"आत तर या भाऊजी."

"नको. घेतो आणि निघतो."

थोरला पाठमोराच होता. "त्याला सांग," तो गिटारीवर हात ठेवून म्हणाला, "एक कान कमी आहे."

"विचारा, कुठे गेला," उंबऱ्याबाहेरून आलं.

भिंगरीनं एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. "मला पाणी भरायचंय," ती म्हणाली. "तुमचे निरोप तुम्ही द्या."

असं म्हणून ती जिना चढली. चार पायऱ्या वर जाऊन वळणावर उभी राहिली, जिथून ती दिसत नव्हती आणि ऐकू मात्र येत होतं. खाली कुणी बोलेना. तिच्या तळपायांना मुंग्या आल्या. आयुष्यात इतका वेळ ती कुठे उभी राहिली नव्हती. एकदा वाटलं जावं खाली, म्हणावं काहीतरी, काहीही. तिनं जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"भोक बघ," थोरल्याचा आवाज आला, जाडसर, न वापरलेल्या दारासारखा. "हातानं बघ. जास्त तर झालं नाही ना."

पावलं आत आली. टेबलाशी थांबली.

"बरोबर आहे," धाकटा म्हणाला. मग म्हणाला, "खरंच पॉलिश मारून ठेवलीत हिला."

"सांगितलं होतंस."

"मी रागावलो होतो, दादा."

"रागावून सांगितलेलं कामही कामच असतं. गिऱ्हाईकं सगळी रागावूनच सांगतात."

धाकटा हसला की खोकला ते कळलं नाही. "खुर्ची आहे का बसायला?"

"ती ओली आहे. तिच्यावर टेकू नकोस."

"नाही टेकत. शिकलोय तेवढं."

भिंगरी खाली आली. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. दोन टकलं, एक पूर्ण आणि एक होऊ घातलेलं, गिटारीवर वाकली होती. चावी ठोकळ्यासकट टेबलावर, स्क्रूंच्या झाकणाशेजारी पडली होती. भिंगरीनं ती उचलली, चपला घातल्या आणि बाहेर पडली.

लॉजच्या काउंटरवरचा माणूस पेपर वाचत होता. तिनं चावी पुढे ठेवली.

"या खोलीतली बॅग न्यायचीय."

"साहेब कुठायत?"

"घरी."

"कुणाच्या?"

"स्वतःच्या."

"नातं काय आपलं?"

"वहिनी."

"पाहुणे स्वतः आल्याशिवाय सामान देता येत नाही, बाई."

"देऊ नका हो तुम्ही. मीच घेते," म्हणत तिनं चावी परत उचलली, आणि तो काउंटरला वळसा घालून येईपर्यंत ती जिना चढलीसुद्धा. बॅग पलंगावर होती, उघडलेलीही नव्हती. माणूस बोटीवरून आयुष्य काढून येतो आणि त्याची बॅग एका हातानं उचलता येते, याचं तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटायला वेळ नव्हता. खाली येऊन तिनं चावी त्याच्या पेपरवर ठेवली. "खोली सोडली म्हणून लिहून टाका," ती म्हणाली, "आणि गाद्या उन्हात टाकत जा. वास येतो."

परत येताना तिला गल्लीच्या तोंडापासूनच आवाज ऐकू आला. पाच तारा चढल्या होत्या. एक तार वाजायची, मग दोघं बोलायचे, मग तीच पुन्हा वाजायची. जवळ आल्यावर शब्दही कळले.

"वर घे अजून."

"तुटेल, दादा."

"माझे स्क्रू आहेत. तुटणार नाहीत."

"स्क्रू नव्हे, तार तुटेल. तुला सुरातलं काय कळतं?"

"आणि तुला टेबलातलं काय कळत होतं?"

"ते टेबल तू दमट हवेत आत ठेवलं होतंस म्हणून ओलं राहिलं. हे मी बोटीवर रोज म्हणायचो."

"रोज?"

"रोज. तू समोर नव्हतास म्हणून सोडून दिलं."

भांडत होते. भिंगरीला इतकं बरं वाटलं की ती मागच्या दारानं चोरासारखी वर गेली, बॅग मधल्या खोलीतल्या पलंगाखाली ढकलली, चादर बदलली, स्वयंपाक उरकला आणि मग दिवेलागणीला खाली उतरली.

नवऱ्यानं मान वर केली. "सापडला का गं तो कान?"

"कुठे? नाही."

"दुकान उघडं असेल अजून," दीर उठत म्हणाला. "मी जाऊन एक सुट्टा घेऊन येतो."

भिंगरीचा हात आपोआप एप्रनच्या खिशावर गेला. खिसा एका बाजूला चांगला लोंबत होता. नवऱ्याची नजर त्या हातावर गेली, खिशावर गेली आणि सावकाश परत गिटारीवर आली. स्वतःच्या बाकावरची टाचणीसुद्धा ज्याला डोळे मिटून सापडते तो माणूस म्हणाला, "सुट्टा मिळत नाही तिथे. सहाच्या सहा घ्यावे लागतात. सकाळी उजेडात शोधू."

"सकाळी?" दीर दोघांकडे पाहत राहिला. मग टेबलावर हात फिरवला, झाकणं उचलून पाहिली. "माझी चावी होती इथे. लॉजची."

"तीही सकाळीच शोधू," भिंगरी म्हणाली, आणि जास्तीचं ताट काढायला जिना चढली.